किडीचाही इतिहास असतो : डीडीटी, डास आणि एक सोयीची बखर

१/
समाजमाध्यमांवर एक गोष्ट ठरावीक काळाने फिरत येते. १९६२ साली रेचेल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिले, त्यामुळे डीडीटीवर बंदी आली, डास माजले आणि गरीब देशांतील लाखो माणसे हिवतापाने मेली. खलनायिका एक, ग्रंथ एक, निष्कर्षही एकच. गोष्ट ठसठशीत आहे. मात्र समकालीन साधने समोर ठेवून तिच्यातील सनावळ्या तपासू लागलो की ही बखर पहिल्याच पानावर अडखळते. आजचा थ्रेड या बखरीच्या साधनचिकित्सेसाठी.

२/
माझे मत आरंभीच सांगते, म्हणजे पुढील पुरावा त्या कसोटीवर पारखता येईल. डीडीटीची धार एका पुस्तकाने बोथट केली नाही. ती अतिवापराने बोथट झाली, आणि हे घडत असल्याचे जाणकारांना कार्सन यांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. या इतिहासात माणसांइतकेच डास, माश्या, उवा आणि बोंडअळ्या हेही कर्ते आहेत. त्यांना वगळून लिहिलेला कीटकनाशकांचा इतिहास अर्धाच राहतो.

३/
मूळ कथा अशी. डीडीटी हे संयुग १८७४ साली स्ट्रासबर्ग येथे ऑटमार झाइडलर या विद्यार्थ्याने तयार केले. त्याचा उपयोग काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पासष्ट वर्षे ते शोधनिबंधात पडून राहिले. १९३९ साली स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात, गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत शेकडो संयुगे तपासल्यावर पॉल म्युलर यांना त्याचा कीटकनाशक गुण आढळला. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले, आणि या शोधाचे भाग्य युद्धाशी बांधले गेले.

४/
त्यापूर्वीची साधने आठवली तर डीडीटीची मोहिनी समजते. शेतीत पॅरिस ग्रीन, लेड आर्सेनेट यांसारखी आर्सेनिकची जहाल विषे होती. शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणारी पायरेथ्रमची भुकटी माणसाला तुलनेने सौम्य, पण उन्हात लवकर निष्प्रभ होणारी. डीडीटी स्वस्त होते, माणसाला तत्काळ अपाय करताना दिसत नव्हते आणि भिंतीवर एकदा फवारले की कित्येक महिने टिकत होते. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात उवांमुळे पसरणाऱ्या टायफसची साथ आली, तेव्हा डीडीटी आणि अन्य भुकट्या लाखो लोकांच्या अंगाखांद्यावर, कपड्यांत फुंकण्यात आल्या. साथ आटोक्यात आली. जगाला चमत्कार दिसला.

५/
१९४८ साली म्युलर यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता सनावळी नीट पाहा. १९४६-४७ मध्येच स्वीडन आणि इटलीतून वार्ता येऊ लागल्या होत्या, की काही ठिकाणच्या घरमाश्या डीडीटीला दाद देत नाहीत. म्हणजे सन्मानाचा सोहळा झाला, तेव्हा त्या सन्मानाला न जुमानणाऱ्या माश्यांच्या पिढ्या जन्मल्या होत्या. ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध व्हायला अजून चौदा वर्षे होती.

६/
हा धक्का तरी नवा होता का? तोही नव्हता. १९१४ साली ए. एल. मेलँडर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. कीटक फवाऱ्यांना प्रतिकारक होऊ शकतात काय, असा प्रश्नच त्याच्या शीर्षकात होता. वॉशिंग्टन राज्यातील फळबागांत सॅन होजे नावाची खवले कीड गंधक-चुन्याच्या फवाऱ्याला पुरून उरत होती. एका भागात जी मात्रा पुरेशी ठरे, ती दुसऱ्या भागात निष्फळ ठरत होती. कृत्रिम सेंद्रिय कीटकनाशकांचे युग उजाडण्याआधी पाव शतक हा प्रश्न छापून आला होता.

७/
येथे थोडे शास्त्र आवश्यक आहे. आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, ‘कीड औषधाला सरावली’. या शब्दप्रयोगाने दिशाभूल होते. माणूस तिखटाला सरावतो तसा एखादा डास डीडीटीला सरावत नाही. फवारणीपूर्वीच लाखो डासांत थोडे असे असतात, ज्यांच्या अंगी योगायोगाने विष पचवण्याची वा टाळण्याची क्षमता असते. फवारा बाकीच्यांना मारतो, हे थोडे उरतात, आणि पुढली पिढी त्यांचीच असते. प्रतिकारक कीड विषामुळे निर्माण होत नाही. विष तिची निवड करते. फवारणी जितकी सरसकट, तितकी ही निवड कठोर आणि वेगवान.

८/
ही क्षमता मुख्यतः दोन प्रकारे दिसते. काही कीटकांच्या शरीरातील विकरे डीडीटीचे रेणू मोडून कमी घातक संयुगात बदलतात. काहींच्या मज्जातंतूंवरील ज्या सोडियम-द्वारावर डीडीटी आघात करते, त्या द्वाराची घडणच किंचित बदललेली असते. विषाला पकड मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात एक मेख आहे. पुढे आलेली पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकेही याच द्वारावर काम करतात. त्यामुळे डीडीटीच्या काळात निवडल्या गेलेल्या किडींपैकी काही, पायरेथ्रॉइड बाजारात येण्यापूर्वीच त्याला तोंड देण्यास सज्ज होत्या. आजोबांनी लढलेल्या युद्धाचे चिलखत नातवंडांना वारशात मिळावे, तसे.

९/
पुन्हा सनावळीकडे. १९५०-५१ च्या हिवाळ्यात, कोरियातील युद्धात, सैनिकांच्या अंगावरील उवा डीडीटीने मरेनात. नेपल्सच्या चमत्काराला सात वर्षेच झाली होती. त्याच सुमारास ग्रीसमध्ये हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलिस डासांच्या एका जातीत प्रतिकार दिसू लागला. पहिल्यांदा माशी, मग ऊ, मग डास. वार्ता एकाच दिशेने येत होत्या.

१०/
आता या कथेतील सर्वांत दुर्लक्षित दुवा. १९५५ साली मेक्सिको सिटीत भरलेल्या जागतिक आरोग्य सभेने हिवतापाच्या जागतिक निर्मूलनाचा संकल्प सोडला. हा संकल्प डीडीटीवरील आंधळ्या विश्वासातून आला, असा आपला समज असतो. वस्तुतः त्यामागे घाई होती, आणि घाईचे एक मुख्य कारण प्रतिकार हेच होते. डास प्रतिकारक होण्यापूर्वी काही वर्षांच्या अवधीत फवारणीचा जोर लावून रोगाची साखळी तोडायची, म्हणजे पुढे डास उरले तरी त्यांना पसरवण्यासाठी परजीवी उरणार नाहीत, असा हिशेब होता. सेनापतींना माहीत होते की दारूगोळा नासू लागला आहे. म्हणूनच त्यांनी एकदाच सर्व बाजूंनी हल्ला करायचे ठरवले.

११/
या मोहिमेत भारताचे, आणि विशेषतः तत्कालीन मुंबई प्रांताचे, स्थान मोठे आहे. महायुद्ध संपताच डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रांताच्या कारवार-धारवाड भागातील खेड्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष इतके आशादायक होते, की १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाला त्यांचा पाया मिळाला. त्या काळचा अंदाज होता, की देशात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होतो आणि ८ लाख दगावतात. १९५५ पासून डीडीटी दिल्लीतील सरकारी कारखान्यात तयार होऊ लागले. १९५८ मध्ये ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला.

१२/
१९५८ हे वर्ष लक्षात ठेवा. याच वर्षी डॉ. विश्वनाथन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात भारतातील हिवतापावरील ‘विजया’ची द्वाही होती. आणि याच वर्षी मुंबई राज्याच्या ठाणे जिल्ह्यातून एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले, की तेथील काही भागांत ग्रामीण हिवतापाचा प्रमुख वाहक असलेला ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस हा डास डील्ड्रिनला बहुधा प्रतिकारक झाला आहे. पुढच्याच वर्षी पंचमहाल जिल्ह्यातून, जो तेव्हा मुंबई राज्यातच होता, याच डासाच्या डीडीटी-प्रतिकाराची नोंद झाली. विजयाचा ग्रंथ आणि पराजयाची पहिली खबर एकाच राज्यातून, जवळपास एकाच वेळी निघाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा बोलके साधन क्वचित लाभते.

१३/
येथे तोल सांभाळायला हवा. डीडीटीने काहीच साधले नाही, असे म्हणणे ही तितकीच खोटी बखर ठरेल. १९६५ पर्यंत देशातील हिवतापाच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाखावर आली होती. तराईसारखे, हिवतापामुळे ओसाड पडलेले प्रदेश वस्तीयोग्य झाले. गावोगाव फिरणारे फवारणी कर्मचारी पाठीवर पंप, हातात बादली घेऊन घराघरांत शिरले आणि भिंतीवर फवारणीची तारीख लिहून पुढे गेले. त्यांचे स्मारक कोठे नाही, पण त्यांनी वाचवलेल्या माणसांची नातवंडे आज हा थ्रेड वाचत असतील.

१४/
मग १९७६ साली रुग्णसंख्या ६४ लाखांच्या वर कशी गेली? कारणे अनेक होती आणि प्रामाणिक इतिहासाने ती सारी मांडली पाहिजेत. यश दिसताच निधी व निगराणी सैलावली. परकी मदत आटली, कीटकनाशकांचा पुरवठा वेळेवर होईना. शहरांतील टाक्या आणि विहिरींत वाढणाऱ्या डासांकडे कार्यक्रमाने पुरेसे पाहिले नव्हते. फवारलेल्या भिंती सणासुदीला पुन्हा सारवल्या, लिंपल्या जात, म्हणजे विषाचा थर मातीखाली गडप होई. आणि प्रतिकार होताच: महाराष्ट्र-गुजरातेत डीडीटी चालेना म्हणून बीएचसी, ते चालेना म्हणून मलेथिऑन, सत्तरच्या दशकात गुजरातेत मलेथिऑनलाही डास जुमानेनासे झाले.

१५/
या यादीत कार्सन यांचे पुस्तक कोठे बसते? कोठेच नाही. अमेरिकेने १९७२ साली डीडीटीचा शेतीतील वापर थांबवला. पण सार्वजनिक आरोग्यासाठी सवलत ठेवली आणि निर्यातही चालू राहिली. भारत स्वतःच डीडीटी तयार करीत होता. आपल्याकडे शेतीतील डीडीटीवर बंदी आली ती १९८९ मध्ये, आणि रोगवाहक कीटकांविरुद्धचा वापर त्यानंतरही चालूच राहिला. २००१ च्या स्टॉकहोम करारानेही हिवतापासाठी अपवाद राखला. शिवाय खुद्द कार्सन यांनी सर्व रासायनिक कीटकनाशके बंद करा, असे म्हटलेले नाही. किडींच्या वाढत्या प्रतिकारावर त्यांनी एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. ज्या पुस्तकाने इशारा दिला, त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा उलटा न्याय आहे.

१६/
या बखरीचे आवडते उदाहरण म्हणजे श्रीलंका. १९४६ साली तेथे सुमारे २८ लाख रुग्ण, १९६३ साली अवघे १७. मग फवारणी थांबली आणि १९६८-६९ मध्ये लाखो रुग्णांची साथ उसळली. आकडे खरे आहेत. जोडलेले कारण खोटे. फवारणी थांबली ती रोग संपला असे वाटल्यामुळे आणि खर्च वाचवण्यासाठी. साथ आल्यावर डीडीटी पुन्हा वापरण्यात आले, तेव्हा डास त्याला दाद देईनात, म्हणून मलेथिऑनकडे वळावे लागले. या वेळी श्रीलंकेने शहाणपण केले: मलेथिऑन हिवतापासाठी राखून ठेवले, शेतीत वापरू दिले नाही. तो देश २०१६ साली हिवतापमुक्त घोषित झाला. त्यामागे अनेक उपाय होते. हा धडा मात्र नोंदण्याजोगा आहे.

१७/
शेतीचा उल्लेख आला, तो थ्रेडचा गाभा आहे. घराच्या भिंतीवर फवारलेले डीडीटी मोजके असते. शेतात ते विमानाने, पंपाने, हंगामात पुन्हा पुन्हा ओतले जाते. तेथून ते डबक्यांत, कालव्यांत, भातखाचरांत उतरते आणि डासांच्या अळ्या त्यातच वाढतात. एल साल्वाडोरच्या कापूसपट्ट्यात कपाशीच्या फवारणी हंगामानुसार डासांचा प्रतिकार वाढताना संशोधकांनी पाहिला. १९८१ साली जॉर्जन चेपिन आणि रॉबर्ट वासरस्ट्रॉम यांनी ‘नेचर’मधील लेखात मध्य अमेरिका आणि भारत या दोन्ही ठिकाणी शेतीतील कीटकनाशके व हिवतापाचे पुनरागमन यांचा संबंध मांडला. कपाशीच्या बोंडासाठी मारलेल्या विषाची किंमत गावातल्या तापलेल्या पोराने मोजली.

१८/
म्हणून मला वाटते, या इतिहासाला योग्य उपमा युद्धाची नाही, गायरानाची आहे. कीड विषाला बळी पडते, हा किडीचा गुण आपल्या सर्वांचा सामाईक ठेवा आहे, गावाच्या गायरानासारखा. एकाने जास्त गुरे सोडली तर त्याचा तेवढ्यापुरता फायदा होतो. सर्वांनीच सोडली तर माळ उघडा पडतो. प्रत्येक अनावश्यक फवाऱ्याने आपण त्या गायरानातले गवत संपवतो, आणि त्यावर हक्क असतो शेजाऱ्याचा, शेजारच्या जिल्ह्याचा, पुढल्या पिढीचा. हिवताप खाते आणि कृषी खाते एकाच माळावर आपापली गुरे चारत होती. माळ एकच आहे, हे कागदोपत्री कोणी मांडले नाही.

१९/
ही कथा १९७६ ला थांबत नाही. ऐंशीच्या दशकात कपाशीवर पायरेथ्रॉइड आली. १९८७ च्या हंगामात आंध्रच्या गुंटूर-प्रकाशम पट्ट्यात अमेरिकन बोंडअळीने पीक फस्त केले. भरमसाट फवारण्या करूनही अळी मरेना, आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी देशाला ऐकावी लागली. २००२ साली बीटी कपाशी आली. आता विष पंपात नव्हते, पानात आणि बोंडात होते. फवारण्या काही वर्षे खरोखर घटल्या. पण निवडीचा नियम तोच राहिला. २०१० पर्यंत गुजरातेतील शेंदरी बोंडअळी पहिल्या बीटी वाणाला प्रतिकारक झाल्याचे बियाणे कंपनीनेच मान्य केले, आणि २०१७ मध्ये दोन जनुकांची कपाशीही विदर्भ-मराठवाड्यात पोखरली गेली. शास्त्राने या अळीचे पहिले वर्णन १८४३ साली केले, ते भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून. तिला आपण ओळखत नव्हतो, असे म्हणायची सोय नाही.

२०/
अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात हीच अळी, हीच बीटी कपाशी होती. तेथे सुरुवातीची दहा वर्षे बिगर-बीटी कपाशीचे राखीव पट्टे कसोशीने पेरले गेले, म्हणजे विषाला बळी पडणारे पतंगही उरावेत आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर व्हावा. नंतर वंध्य केलेले पतंग सोडले. २०१८ साली अमेरिकेने आपले कापूसक्षेत्र या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडेही ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळत असे. अनेकांनी ती पेरली नाही. डिसेंबरनंतर फरदड ठेवली, म्हणजे अळीला वर्षभर शिधा मिळाला.

२१/
येथे ‘शेतकरी अडाणी’ असा निकाल देऊन मोकळे होणाऱ्यांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. ज्याच्याकडे चार एकर कोरडवाहू जमीन आहे, डोक्यावर कर्ज आहे, त्याला पाचव्या हिश्श्याएवढी कपाशी अळीला वाढून ठेव म्हणणे आणि त्या नुकसानीचा वाटा कोणीही न उचलणे, हे धोरण नव्हे. ती जबाबदारी ढकलणे आहे. गायरान सर्वांचे असेल तर राखणदारीचा खर्चही सर्वांचा असायला हवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात गेले. अळी प्रतिकारक झाली. फवारणाऱ्या माणसाला तशी मुभा नव्हती. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची असते, अळीची महिन्याभराची.

२२/
‘मग फवारायचेच नाही काय?’ हा प्रश्न येईलच, आणि तो रास्त आहे. फवारावे, पण हे साधन झिजणारे आहे, हे मनाशी धरून. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर आली आहे का हे पाहून, गट बदलून, गरजेपुरते. आपण बोलीत कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो, ‘औषध मारले’ म्हणतो. हा शब्द खरा करायचा असेल तर औषधाचे पथ्यही पाळावे लागेल. मात्रा, वेळ आणि कारण यांचा विचार न करता घेतलेल्या औषधाला वैद्यकात वेगळे नाव आहे.

२३/
शेवटी आपल्या विषयाबद्दल. इतिहासप्रेमी म्हणून आपण लढायांच्या तारखांवर रात्र-रात्र वाद घालतो, बखर आणि पत्र यांतला फरक चोख सांगतो. तीच शिस्त विसाव्या शतकाला का लावू नये? हिवताप कार्यालयांचे अहवाल, कृषी खात्याची पत्रके, जिल्हा गॅझेटियर, जुन्या साप्ताहिकांतील कीटकनाशकांच्या जाहिराती ही सारी अव्वल साधने आहेत आणि ती झपाट्याने रद्दीत जात आहेत. ‘अमुक एका पुस्तकाने लाखो मारले’ अशी गोष्ट पुन्हा समोर आली, तर पहिला प्रश्न सनावळीचा विचारा: डासांना ते पुस्तक लिहिण्याआधीच कसे कळले?

२४/
एक विनंती. तुमच्या घरात कोणी हिवताप कार्यक्रमात फवारणी कर्मचारी वा निरीक्षक होते का? जुन्या घराच्या भिंतीवर फवारणीच्या तारखा अजून दिसतात का? एंड्रिन, फॉलिडॉल, बीएचसी पावडर यांच्या काळातील शेतीच्या वह्या, पावत्या कोणी जपून ठेवल्या आहेत का? खाली लिहा, छायाचित्र असल्यास जोडा. ठाण्याच्या डासांची खबर १९५८ साली एका छोट्या टिपणाने जपली. आपल्या घरांतील टिपणे आपणच जपायची आहेत.